वण दिसतो तो वेगळा, ओढतो तो वेगळा

मागच्या अंकात अक्कलदाढेबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकून गेले होते : तोंडातल्या जखमेचा वण सहसा राहत नाही. त्या ‘सहसा’नं माझी चांगलीच झडती घेतली. महिनाभरात आलेल्या पत्रांचे दोन ढीग झाले. एकात वण नसताना त्याची धास्ती घेतलेले लोक, दुसऱ्यात खरोखरच वण धरलेले आणि तसं होऊ शकतं हे आधी कुणीच न सांगितलेले. दुसरा ढीग लहान आहे, पण जास्त वेळ त्यानंच घेतला. नागपुरात गेली सव्वीस वर्षं मी तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करते आहे, आणि या दुसऱ्या ढिगातली माणसं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

सहा दिवसांपूर्वी खालची अक्कलदाढ हिरडी कापून काढली. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय. आत वण धरतोय का? वणावर लावायचं सिलिकॉन जेल मागवून ठेवलंय, ते आतून लावू का? की व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावू? (अभियंता, नाशिक)

जेल परत पाठवा, पैसे तरी वाचतील. ते कोरड्या कातडीवर चिकटून राहावं म्हणून बनवलेलं असतं. तोंडात ते पाच मिनिटांत तुमच्या पोटात जाईल. कॅप्सूलचंही तेच.

सहाव्या दिवशी तोंड उघडत नाही ते वणामुळे नाही. वण एवढ्या लवकर तयारच होत नाही. दाढेमागचा चावण्याचा स्नायू सुजेनं किंवा भुलीच्या सुईनं आखडलाय. बाहेरून कोमट शेक घ्या, दिवसातून चार-पाच वेळा तोंड हळूहळू उघडायचा प्रयत्न करा, बोटानं थोडा आधार दिला तरी चालेल. आठ-पंधरा दिवसांत सुटेल. सुटण्याऐवजी घट्ट होत गेलं, ताप आला, गिळायला त्रास झाला, तर मात्र त्याच दिवशी ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे जा. तो वणाचा नाही, जंतुसंसर्गाचा प्रश्न असेल.

मी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हातावर कापलं की वण राहतो, तोंडात राहत नाही. असं का, याचं उत्तर सगळे ‘लाळेमुळे’ एवढंच देतात. ते पुरेसं आहे का? (विद्यार्थिनी, लातूर)

नाही, पुरेसं नाही. पण चूकही नाही. लाळेत जखम भरायला मदत करणारी प्रथिनं असतात; हिस्टाटिन आणि एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर ही नावं तुला परीक्षेतही उपयोगी पडतील. लाळग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या जखमा हळू भरतात हे प्रयोगात दिसलेलं आहे. शिवाय लाळ जखम ओली ठेवते, आणि ओल्या जखमेवर वरचा थर झपाट्यानं सरकतो. खपली धरली की त्याला तिच्या खालून वाट काढावी लागते.

पण खरी गंमत लाळेच्या खाली आहे. तोंडातली जखम मुळात कमी आरडाओरडा करते. कातडीवर कापलं की पांढऱ्या पेशींची फौज येते, नव्या रक्तवाहिन्यांचं रान माजतं, टीजीएफ-बीटा सारखे निरोप सुटतात आणि तंतू बनवणाऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त कोलॅजन ओततात. तोंडात हे सगळं होतं, पण थोड्यात आणि लवकर आटोपतं. हिरडीसाठी टाळूवरून पातळ पट्टी काढून घेतो ना आपण? ती जागा उघडी ठेवली तरी तीन-चार आठवड्यांनी पाहिलंस तर कुठून काढली ते शोधावं लागतं. मांडीवरून कातडी काढली तर तो चौकोन माणसाला आयुष्यभर दिसतो.

गर्भातल्या बाळाची कातडी तर पहिल्या काही महिन्यांत वणाशिवायच भरते. हे कळल्यावर टीजीएफ-बीटाच्याच एका भावंडाचं, तिसऱ्या प्रकाराचं, औषध बनवायचा मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. सुरुवातीच्या चाचण्या फार आशादायक होत्या. २०११ मध्ये शेवटच्या टप्प्याची चाचणी फसली. ‘वण येऊ न देणारं औषध’ असं कुणी तुला विकायला आलं तर ही गोष्ट आठव.

आता एका पेशीचं नाव पाठ कर, कारण पुढची सगळी पत्रं तिच्याबद्दल आहेत : मायोफायब्रोब्लास्ट. अर्धी तंतू विणणारी, अर्धी स्नायूसारखी. जखम होऊन आठवडा झाला की ती जमू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिचा जोर असतो. ती कडा धरते आणि ओढते. जखम लहान, टाके नीट, कडा कडेला भिडलेली असेल तर तिला ओढायला फार काही नसतं. पण मोठा भाग उघडा राहिला, टाके ताणाखाली घातले, मध्ये जंतू शिरले किंवा रक्त साचलं, तर तिला काम मिळतं. आणि काम मिळालं की ती सोडत नाही. म्हणून वण कमी करायचा पहिला उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही, तो ऑपरेशनच्या टेबलावर असतो : धारदार पातं, हलका हात, ताण नसलेला टाका, पुसून कोरडा केलेला खड्डा. चिमट्यानं कडा चिरडू नकोस. परीक्षकांना तू किती लवकर टाके घातलेस ते दिसतं, चिरडलेली कड दिसत नाही. पेशंटला ती दिसते.

गालाच्या आतली गाठ चावली जायची म्हणून काढली. तपासणीत साधी गाठ निघाली. बारा दिवस झाले. जागेवर पांढरट-पिवळी साय येते, मी रोज बोटानं घासून काढते, तरी परत येते. हळद आणि तुरटीही लावली. मला अकरा वर्षं साखर आहे. वय ६३. (गृहिणी, सांगली)

काकू, आधी ते बोट बाहेर काढा. ती साय म्हणजे पू नाही. रक्त गोठताना फायब्रिन नावाचं जे जाळं बनतं, त्याचा तो थर आहे. बाहेरच्या जखमेवर खपली धरते, तोंडात ती ओली राहते म्हणून अशी दिसते. तिच्याखालून नवं अस्तर सरकत असतं. तुम्ही रोज घासता म्हणजे रोज पहिल्या दिवसावर येता. बारा दिवसांत तुमची जखम बारा वेळा नवी झाली आहे, आणि जितके दिवस जखम उघडी राहते तितका वण जाड धरतो.

हळदीला माझा विरोध नाही, आमटीत घाला. कोरडी पूड ओल्या जखमेत भरली की ती खड्यासारखी आत बसते. तुरटी अस्तर आवळून जाळते. लवंगेचं तेलही नको, दुखऱ्या दातात ते ठीक, उघड्या मांसावर नाही. कोमट पाण्यात मीठ घालून जेवल्यानंतर हलकं खळखळा, जोरात चूळ भरू नका. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचं औषध दिलं असेल तर त्यांनी सांगितलेत तेवढेच दिवस वापरा. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी होतात, जिभेची चव जाते, आणि त्यात कुणाचाच फायदा नसतो.

आता एक विचारते, रागावू नका. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण तुमच्या भागातल्या तुमच्या वयाच्या दहा बायकांमध्ये मिश्री लावणाऱ्या किती असतात ते मला माहीत आहे. लावत असाल तर थांबा. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रसद कमी पडते.

साखरेचं म्हणाल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ऑपरेशनच्या आधी झाली होती का ते कागदात बघा. नसेल तर आता करून घ्या. आणि तोंड दुखतंय म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढू नका. वरणाचं घट्ट पाणी, मऊ भात, दही, अंडं खात असाल तर अंडं. शिवाय क जीवनसत्त्व : पेरू किसून, आवळा उकडून कुस्करून, संत्र्याचा रस पाणी घालून. हे मी आजीबाईचा बटवा म्हणून सांगत नाही. कोलॅजनचा दोर वळायलाच क जीवनसत्त्व लागतं. १७४० च्या दशकात अ‍ॅन्सन नावाच्या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजांवर स्कर्वीची, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणाऱ्या आजाराची, साथ आली, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईत जखमी झालेल्या एका खलाशाचे भरलेले वण पुन्हा उघडल्याची नोंद आहे. भरलेला वणसुद्धा शरीर रोज थोडाथोडा नव्यानं विणत असतं, हे मला त्या गोष्टीवरून जेवढं कळलं तेवढं पुस्तकातून कळलं नव्हतं.

घासणं थांबवल्यावर दोन आठवड्यांत जागा गुलाबी झाली नाही, किंवा कडा कडक लागल्या, तर पुन्हा दाखवा. तोंडातली जी जखम तीन आठवड्यांत भरत नाही तिचा तुकडा तपासायला हवा, मग पहिला रिपोर्ट कितीही चांगला असो.

बाळाचा ओठ जन्मतः फाटलेला होता. साडेतीन महिन्यांचा असताना ऑपरेशन केलं, टाके काढल्यावर इतका सुंदर दिसत होता! आता सहा आठवडे झाले, वण लाल, उंच झालाय, ओठ वर ओढला गेलाय. सासूबाई म्हणतात ऑपरेशन फसलं. मी ग्रहणात भाजी चिरली होती म्हणून मला आधीच बोल लागलेत. (आई, सोलापूर)

ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही. बाळाचा ओठ पोटात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो. तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं, भाजी चिरणं दूरच. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवा.

ऑपरेशनही फसलेलं नाही. सहा आठवडे ते तीन महिने हाच वणाचा सगळ्यात कुरूप काळ असतो. मी आईवडिलांना टाके काढतानाच सांगून ठेवते की आता फोटो काढून ठेवा, पुढच्या दोन महिन्यांत तो बिघडणार आहे आणि मग पुन्हा सुधारणार आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढीच चूक. उभा वण आखडतो म्हणून ओठ वर चढल्यासारखा दिसतो. सहा महिन्यांपासून तो मऊ पडत जातो, वर्षभरात लाली उतरते. तोपर्यंत ओठ कसा बसेल याचा निकाल देऊ नका, कुणाला देऊही देऊ नका.

तुमच्या हातात आहे ते मालिश. नख कापलेलं, साबणानं धुतलेलं बोट वणावर ठेवायचं आणि ओठ आतल्या हिरडीवर दाबून, वणाखालचं मांस बोटाबरोबर हलेल असं, वरून खाली आणि गोल फिरवायचं. वरवर चोळणं म्हणजे मालिश नाही, वण बोटाखाली क्षणभर पांढरा पडला पाहिजे. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दूध पाजायच्या आधी केलंत तर लक्षात राहतं. बाळ रडेल, पण ते मालिशमुळे की तुम्ही धरून ठेवल्यामुळे, ते दोन दिवसांत तुम्हालाच कळेल. सिलिकॉन जेल इथे उपयोगी आहे, अगदी पातळ थर, चाटलं तर पुसून पुन्हा. वरच्या नाशिकच्या पत्रातलं जेल इथं पाठवायला हवं होतं. सोलापूरच्या उन्हात वर्षभर टोपडं वापरा, नाहीतर लाल वण काळपट होतो. वण फारच जाड, खाजरा होत चालला तर डॉक्टर सुईनं औषध देऊ शकतात, पण बाळांमध्ये ती वेळ क्वचित येते.

टाळूही फाटलेली आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर ते ऑपरेशन वेगळं, आणि तिथला वणही वेगळा. ओठावरचा वण दिसतो. टाळूवरचा कुणाला दिसत नाही, पण वरचा जबडा वाढायच्या वयात त्याला आवळून धरतो, दातांची कमान अरुंद होते. म्हणून अशा मुलांना सात-आठ वर्षांनंतर दातांच्या तारांचे डॉक्टर लागतात. घाबरवण्यासाठी नाही, वेळेवर जायला हवं म्हणून सांगते.

समोरच्या दाताच्या मुळाशी गाठ होती, हिरडी उघडून काढली. आठ महिन्यांनी हसताना हिरडीवर आडवी पांढरी रेघ दिसते. लेझरनं जाईल का? (तरुणी, पुणे)

तुम्ही हसताना हिरडी दिसते म्हणून हा प्रश्न, नाहीतर अशा रेघा अनेकांच्या तोंडात असतात आणि त्यांना पत्ता नसतो. हिरडीवर चंद्रकोरीसारखा आडवा छेद घेतला की वर सैल अस्तर आणि खाली घट्ट हिरडी यांच्या मधोमध टाके येतात, ओठ हलला की ते ताणले जातात. आता बरेच जण दातांच्या कडेनं किंवा दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकाच्या खाली छेद घेतात, बारीक धाग्यानं शिवतात आणि तीन-चार दिवसांत टाके काढतात. जास्त दिवस ठेवलेला टाका स्वतःच एक वण करून जातो.

एक शंका आहे. पहिल्या आठवड्यात तुम्ही आरशासमोर ओठ बोटानं वर उचलून रोज टाके पाहत होतात का? बहुतेक सगळे पाहतात. प्रत्येक वेळी कडा थोडी उसवते.

वर्ष पूर्ण होईपर्यंत काही करू नका. फिकी होत जाते. लेझर म्हणजे जादूची कांडी नाही, तीही एक जखमच आहे. वर्षानंतरही खटकलं तर हिरड्यांच्या तज्ज्ञांना दाखवा. मला विचाराल तर त्या रेघेसाठी मी पुन्हा कापणार नाही.

पती ३४ वर्षांचे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पंधरा वर्षं खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला), दिवसाला आठ-दहा पन्न्या. तोंड आखडून उघडणं ११ मिलीमीटरवर आलं होतं, पोळीचा तुकडा गुंडाळूनही जात नव्हता. सतरा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं : दोन्ही गालांतले पट्टे कापले, गालातलीच चरबी तिथे बसवली, अक्कलदाढा काढल्या. टेबलावर ३८ उघडलं असं सांगितलं. आज मी पट्टीनं मोजलं तर २४. आत पिवळं दिसतं, पू असेल का? व्यायाम करा म्हणाले, पण करताना हे रडतात. आई म्हणतात, जखम ओली आहे, भरू दे, मग करू. वण पातळ करायचं औषध असेल तर सांगा. (पत्नी, यवतमाळ)

ताई, हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, पण तुम्हाला फोन सगळ्यात आधी केला. बाकीच्यांसाठी लिहिते.

पिवळं दिसतं ती बसवलेली चरबी आहे. ती हळूहळू लालसर, दाणेदार होते आणि तीन-चार आठवड्यांत, कधी सहा, तिच्यावर गुलाबी अस्तर चढतं. वास, ताप, वाढती सूज नसेल तर पू नाही.

आईंचं म्हणणं हातावरच्या जखमेला अगदी बरोबर आहे. गालाच्या बाबतीत ते नेमकं उलटं आहे. लातूरच्या मुलीला मी एका ओढणाऱ्या पेशीचं नाव पाठ करायला सांगितलं. तुमच्या घरात आज तिच्याच जोराचे दिवस चालू आहेत. गालात बोटभर रुंद खाच आहे, आणि ती पेशी खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे खेचते आहे. आता तोंड मिटून ठेवलं तर ती जखम आखडूनच भरेल, आणि भरल्यावर ताणायला गेलात तर दोर ताणल्यासारखं होईल. ताणलेल्या अवस्थेत भरलेली जखमच लांब राहते. व्यायाम हे या ऑपरेशननंतरचं पथ्य नाही, तो ऑपरेशनचाच दुसरा भाग आहे. तो डॉक्टर करू शकत नाहीत.

हे मला कुणी शिकवलं नाही, एका पेशंटनं शिकवलं. नवीन होते तेव्हा असंच एक ऑपरेशन केलं, टेबलावर ३६ मोजलं, माझी मीच खूश. घरी जाताना व्यायामाचा छापील कागद हातात दिला. सात महिन्यांनी तो मुलगा १३ वर परत आला. मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, दुखत होतं, आणि नंतर तुम्ही कधी विचारलंही नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे एक वही आहे. ऑपरेशनच्या पाचव्या दिवसापासून पेशंटनं रोज सकाळी आकडा पाठवायचा, नाही आला तर आम्ही फोन करायचा. माझ्या हाताची सफाई नंतर वाढली असेलही, पण निकाल सुधारले ते वहीमुळे.

कसं करायचं ते लिहिते. तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. सकाळच्या व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास त्यांनी दिलेली दुखण्याची गोळी. गालांना बाहेरून दहा मिनिटं कोमट शेक. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, स्वच्छ, उकळून वाळवलेल्या. त्या पुढच्या दातांमध्ये घालू नका, दात हलतात. एका बाजूच्या दाढांमध्ये जेवढ्या सहज बसतील तेवढ्या ठेवा, मग मधोमध एक सरकवा, ओढ बसेल, तिथं थांबा, दोन-तीन मिनिटांनी ओढ सैल झाली की आणखी एक. मग दुसरी बाजू. एकूण पंधरा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. दाढांमध्ये काड्या कमी मावतात म्हणून धसका घेऊ नका. दार बिजागरीजवळ कमीच उघडतं. मोजमाप मात्र नेहमी पुढच्या दातांमध्ये, पट्टीनं. काहींना स्क्रूचं जबडा उघडायचं यंत्र देतात, तेही चांगलं, पण काड्या दुकानाच्या काउंटरवर बसूनही लावता येतात. गिऱ्हाईक बघतं म्हणून ते लाजत असतील तर तोंडाला रुमाल बांधा.

सकाळी आकडा दोन-तीनने उतरलेला असतोच, रात्रभर तोंड मिटलेलं असतं. तेवढ्यानं खचू नका. थोडं रक्त आलं तरी थांबू नका. न थांबणारं रक्त, दात हलणं, कानासमोर कळ, यासाठी मात्र थांबून डॉक्टरांना फोन. किती दिवस? सहा महिने नक्की, मी वर्ष सांगते. पहिले दोन महिने सगळ्यात कठीण. ते रडतात म्हणून तुम्ही काड्या बाजूला ठेवता हे मला कळतं. माझ्या एका पेशंटची बायको त्या वेळात त्याला मोठ्यानं पेपर वाचून दाखवायची, त्यानं उत्तर द्यायचं नाही, एवढीच अट. तिला पहिल्यांदा घरात आपलं बोलणं पूर्ण करता आलं असं ती म्हणाली.

औषधाचं. सुईनं गालात स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेज देतात, सौम्य अवस्थेत, ऑपरेशनच्या आधीच्या टप्प्यावर त्याचा उपयोग होतो. आत्ता त्यांच्यासाठी काड्यांची जागा घेईल असं काही नाही.

आणि खर्रा. तुम्ही लिहिलंत, ‘तंबाखू सोडली, आता फक्त साधी सुपारी तोंडात ठेवतात.’ ताई, हा आजार तंबाखूचा नाहीच, सुपारीचा आहे. तिच्यातलं अरेकोलीन तंतू बनवणाऱ्या पेशींना पळवत राहतं, तिच्यातलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट विणणाऱ्या विकराला (एन्झाइमला) बळ देतं. म्हणजे तुमच्या पतीच्या गालात ऑपरेशनच्या आधी पंधरा वर्षं जखम न होताच वण धरत होता. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये हे आखडलेलं तोंड नोंदवलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला आज आपण वापरतो ते नाव दिलं : सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखाली तंतू साचणं. त्या काळी कारणाचा नीट पत्ता नव्हता. आता आहे; २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवायच्या, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण टपरीवर पन्नीत घोटलेला खर्रा आपल्या विदर्भात कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. ‘गोड सुपारी’ लहान मुलांनाही मिळते. ताज्या खाचेत सुपारीचा रस म्हणजे वण विणणाऱ्या पेशीला खुराक. काड्या एका बाजूनं ताणणार आणि सुपारी दुसऱ्या बाजूनं आवळणार.

तोंड उघडलं म्हणजे धोका संपला असंही नाही. केरळात सतरा वर्षं पाठपुरावा केलेल्या अशा ६६ रुग्णांपैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी, तीही तोंड नीट उघडत असेल तरच नीट होते. बंद दारातून आतली भिंत कुणाला दिसते?

मी फोनवर सांगितलं तसं, उद्या सकाळी त्यांच्या डॉक्टरांकडे जा, २४ हा आकडा सांगा, टेबलावरच्या ३८ शी ताडून विचारा. ते काड्या वाढवतील किंवा यंत्र देतील, कदाचित थोडी भूल देऊन एकदा ताणून देतील. मग वही घाला : तारीख, सकाळचा आकडा, रात्रीचा आकडा. भरायचं काम त्यांच्याकडे द्या, तुमच्याकडे नाही. पहिल्या महिन्याची पानं मला पाठवा. ३० च्या वर गेलं तर एक पत्र जास्त लिहा, पोळीचा तुकडा न गुंडाळता जातो का तेही त्यात असू द्या.